खुर्चीतले अकरा तास

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो. धावपळ होते, रुग्णालयात काही दिवस जातात, आणि मग एके दिवशी आजोबा घरी येतात. घर त्यांच्यासाठी सज्ज असते. हातांची खुर्ची खिडकीशी ओढलेली असते. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या, औषधांचा डबा, चष्मा, वर्तमानपत्र आणि टीव्हीचा रिमोट असे सगळे मांडलेले असते. आजोबांनी नुसती मान वळवली तरी स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणतात, "बाबा, तुम्ही उठू नका, मी देते." नातवंडे धावतात. सगळे प्रेमाने चाललेले असते, आणि त्यात खोट काढावी असे कोणालाही वाटणार नाही. तरीही गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांचे लक्ष ह्या खुर्चीकडे गेले आहे. त्यांनी काय मोजले आणि काय शोधले, ते आपण पाहू या.

आधी पक्षाघाताविषयी थोडेसे. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो. त्याला प्राणवायूचा साठा करून ठेवता येत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली किंवा रोहिणीच फुटली, तर तेवढ्या भागातील पेशी काही मिनिटांत मरू लागतात. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचाली चालवतो आणि उजवा अर्धा भाग डाव्या बाजूच्या. म्हणून झटका आला की बहुधा एकच बाजू लुळी पडते, आणि म्हणूनच त्याला अर्धांगवायू असेही म्हणतात. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण अचानक दिसले तरी रुग्णालय गाठायला उशीर करू नये. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. हे सर्वांना ठाऊक असायला हवे. पण आपला विषय त्यानंतरचा, म्हणजे रुग्ण घरी आल्यानंतरच्या महिन्यांचा आणि वर्षांचा आहे.

माणूस दिवसातून किती वेळ बसतो हे मोजायचे कसे? विचारून काही उपयोग नसतो. "मी कसला बसतोय, सारखा उठतच असतो," असे उत्तर मिळते, आणि ते देणाऱ्याला ते खरेही वाटत असते. त्यामुळे संशोधक काडेपेटीहून लहान असे एक उपकरण रुग्णाच्या मांडीवर चिकटवतात आणि आठवडाभर तसेच ठेवतात. गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेने ओढत आहे एवढेच त्या उपकरणाला कळते. उभे असताना मांडी उभी असते, बसले की ती आडवी होते. एवढ्यावरून दिवसभराचा हिशेब निघतो.

ह्याची नक्कल तुम्हाला घरी करता येईल. कंपासपेटीतील कोनमापक घ्या, त्याच्या मध्यबिंदूतून एक दोरा बांधा आणि दोऱ्याला लहानसा नट लटकवा. झाला ओळंबा. आता कोनमापकाची सरळ कड मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मांडीच्या लांबीला समांतर धरा. गोल बाजू मांडीच्या मागच्या अंगाकडे राहू द्या. उभे राहिलात की दोरा सरळ कडेवर येईल. खुर्चीत बसलात की तो ९० अंशांवर जाईल. मांडीवरच्या उपकरणातही तत्त्व हेच आहे. त्याची एक अडचण मात्र तुमच्या लगेच लक्षात येईल. बसले काय किंवा पलंगावर आडवे झाले काय, मांडी आडवीच! म्हणून झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत वेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात.

ह्या क्षेत्रातील संशोधकांनी २०१२ साली बैठेपणाची एक व्याख्या सुचवली. जागेपणी बसून किंवा रेलून, विश्रांतीच्या दीडपटीपेक्षा जास्त ऊर्जा न खर्चता घालवलेला वेळ म्हणजे बैठा वेळ. ह्या व्याख्येत व्यायामाचा उल्लेखच नाही, हे ध्यानात घ्या. रोज सकाळी अर्धा तास व्यायाम करून उरलेला दिवस खुर्चीत काढणारा माणूस व्यायामी असतो आणि बैठाही असतो.

मोजमापातून काय दिसले? ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत (२०१६) झटका येऊन गेलेली आणि आपापल्या घरी राहणारी माणसे दिवसाला सरासरी सुमारे ११ तास बसून असतात असे आढळले. तुलनेसाठी घेतलेली, झटका न आलेली माणसे सुमारे ८ तास बसत होती. दुसरी पाहणी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. तेथे ९६ रुग्णांच्या हालचाली झटक्यानंतर एका महिन्याने, सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने मोजल्या. झोपेचा वेळ धरून हे रुग्ण २४ तासांपैकी १९ तासांहून अधिक काळ बसलेले किंवा आडवे असत. पहिल्या महिन्यात हे समजण्यासारखे आहे. पण वर्ष उलटल्यावरही आकडा जवळजवळ तोच राहिला! पायात ताकद येईल तसे माणूस आपोआप खुर्ची सोडेल ही आपली समजूत. ती खरी असती, तर वर्षाअखेरीस बसण्याचे तास चांगलेच उतरायला हवे होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांचाही निष्कर्ष असाच होता, की अंगातली ताकद हे कारण आहे, पण ते अपुरे आहे.

बरे, बसले म्हणून बिघडले कुठे? आजारी माणसाने विश्रांती घेऊ नये काय?

ह्या प्रश्नाचा पहिला धागा लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सापडला. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे फाडत जिना चढ-उतार करणारा, एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या. दोघेही त्याच गाडीत, त्याच शहरात. परंतु हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी, आणि विकार झाला तरी तो कमी घातक. मुंबईची दुमजली बस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा जिना चटकन डोळ्यांपुढे येईल. पुढची गंमत अशी, की मॉरिस यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. मुळातच स्थूल असलेली माणसे तर ड्रायव्हर होत नसतील ना? म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली! ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणापासूनच मोठ्या निघाल्या. म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती. हे त्यांनी १९५६ साली छापून टाकले. पुढे इतर व्यवसायांतील पाहण्यांनीही हालचालीच्या बाजूनेच कौल दिला.

बसल्यावर शरीरात काय घडते ते आता पाहू. आपल्या शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. आपण बसलो की ते जवळजवळ बंद पडतात. चालू असलेला स्नायू रक्तातील ग्लूकोज ओढून घेतो. त्यासाठी त्याला इन्शुलिनवरच अवलंबून राहावे लागत नाही, कारण स्नायू आकसला की ग्लूकोज आत घेणारी दारे आपोआप पेशीच्या पृष्ठभागावर येतात. स्निग्ध पदार्थांचेही तसेच आहे. प्रयोगशाळेत उंदरांच्या मागच्या पायांवर भार पडू दिला नाही, तेव्हा रक्तातील चरबी फोडून स्नायूत घेणाऱ्या विकराचे काम पुष्कळ मंदावलेले आढळले. तिसरी गोष्ट पोटरीची. पायातले रक्त हृदयाकडे वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते आकसले की नीला दाबल्या जातात, आणि नीलांतील झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. खुर्चीत लोंबकळणाऱ्या पायात हा पंप थांबलेला असतो. संध्याकाळी आजोबांची पावले सुजलेली दिसतात, त्यामागे पुष्कळदा हे एक कारण असते.

आणि मग ताकदीचा प्रश्न आहेच. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे २० वर्षे वयाच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यात पडून राहायला सांगितले. कष्टाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही क्षमता त्या तीन आठवड्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरली. ह्याच पाच जणांना ३० वर्षांनंतर पुन्हा तपासले, तेव्हा ३० वर्षांच्या म्हातारपणाने झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली! विशीतल्या निरोगी तरुणांची ही गत, तर सत्तरीतल्या अर्धांगवायूच्या रुग्णाचे काय होत असेल?

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. एक पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तेवढेच अंतर कापायला निरोगी माणसापेक्षा जास्त ऊर्जा लागते, कधी दीडपट तर कधी दुप्पट. क्षमता मात्र घटलेली. म्हणजे खर्च वाढला आणि शिल्लक कमी झाली. मोरीपर्यंत जाऊन आले की आजोबांना धाप लागते. त्यात झटक्यानंतर येणारा थकवा काही वेगळाच असतो. तो मेंदूच्या इजेतून आलेला असतो, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. थकवा म्हणून बसणे, बसले म्हणून आणखी अशक्त होणे, अशक्त झाले म्हणून आणखी बसणे! शिवाय रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबी ह्या ज्या गोष्टींमुळे पहिला झटका येतो, त्याच दुसऱ्यालाही बोलावतात. अमेरिकेतील आकडेवारीनुसार दर चार झटक्यांपैकी सुमारे एक झटका आधी झटका येऊन गेलेल्या माणसाला येतो.

आता खुर्चीतून उठण्याचा विचार करू. तो सोपा वाटतो, पण त्यात बरेच पदार्थविज्ञान आहे. एका साध्या खुर्चीवर ताठ बसा. पावले जमिनीवर, नडग्या उभ्या. आता पुढे न वाकता आणि पावले मागे न घेता उठून दाखवा. जमत नाही! तुमचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आसपास, म्हणजे बैठकीच्या वर आहे. तो पावलांच्या वर आल्याशिवाय उभे राहता येत नाही. त्यासाठी पावले मागे घ्यावी लागतात किंवा धड पुढे झुकवावे लागते. ज्याला पडण्याची भीती आहे तो नेमके पुढे झुकायलाच घाबरतो, मागे रेलून उठायचा प्रयत्न करतो आणि धपकन खाली बसतो. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा तो उठतच नाही.

खुर्चीच्या उंचीचेही गणित आहे. गुडघ्याला पेलावे लागणारे बलाचे आघूर्ण म्हणजे भार गुणिले गुडघ्यापासून त्या भाराच्या रेषेचे आडवे अंतर. मांडी अगदी आडवी असेल तेव्हा हे अंतर सर्वांत जास्त असते. बैठक थोडी उंच केली की मांडी तिरकी होते, अंतर घटते आणि उठणे सोपे होते. म्हणून मऊ, खोल सोफा ह्या रुग्णांचा वैरीच म्हणायला हवा. घट्ट बैठकीची, किंचित उंच, भक्कम हातांची लाकडी खुर्ची बरी. लुळा पाय पुढे घसरलेला राहिला तर सगळा भार चांगल्या पायावर येतो. म्हणून उठण्यापूर्वी दोन्ही पावले मागे घ्यायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

पण मोजमापे सांगतात की ज्यांना उठता येते तेही बसून राहतात. ह्याची कारणे खुर्चीत सापडत नाहीत, ती घरात शोधावी लागतात. संडास घराबाहेर असतो, उंबरठा उंच असतो, फरशी ओली असते. आणि त्याहूनही मोठे कारण म्हणजे उठायला निमित्तच उरलेले नसते. आजी असतील तर हे विशेष जाणवते. चाळीस-पन्नास वर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत जी बाई ओट्याशी उभी होती, तिला आता कोणी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. "आई, तू बस," हे ऐकून ती बसते. बोलणे अडखळत असेल तर ती प्रतिवादही करू शकत नाही. आपण तिचे श्रम वाचवले असे आपल्याला वाटते. पण दिवसातून पन्नास वेळा उठायची जी कारणे तिच्याजवळ होती, ती सगळी आपण काढून घेतलेली असतात.

उपाय म्हणून काय करून पाहिले गेले? २०१२ साली ऑस्ट्रेलियात १९ स्थूल प्रौढांवर (ह्यांना झटका आलेला नव्हता) केलेल्या प्रयोगात दर २० मिनिटांनी दोन मिनिटे हळूहळू चालायला लावले. नुसते बसून राहण्याच्या तुलनेत खाण्यानंतरची रक्तातील साखर जवळजवळ पाव हिश्श्याने कमी चढली. पुढे २०१८ साली झटका येऊन गेलेल्या १९ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना आठ तासांच्या बैठकीत दर अर्ध्या तासाने तीन मिनिटे उभे राहून हलके व्यायाम करायला लावले होते. वरचा रक्तदाब सरासरी साडेतीन मिलिमीटरने उतरला. आकडा लहान आहे, माणसेही थोडी आहेत, आणि हा एकेका दिवसापुरता परिणाम आहे. त्यावरून दुसरा झटका टळतो असे म्हणणे घाईचे होईल. तरी तीन मिनिटे उभे राहण्याला काही पैसे पडत नाहीत!

मात्र हालचाल जितकी लवकर आणि जितकी जास्त तितकी चांगली, असे समजू नका. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार बिछान्यातून उठवावे की नाही, हे पाहण्यासाठी पाच देशांत २,१०४ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. अशा घाईने उठवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटातील ५० टक्के! तेव्हा सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच काढावे लागतात.

आपल्या देशातील एक प्रयोगही सांगितला पाहिजे, कारण तो मनासारखा निघाला नाही. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक गावी कोठून आणायचे? मग घरच्याच एका माणसाला शिकवले तर? भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हे करून पाहिले आणि २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण सारखेच होते: ४७ टक्के. घरच्यांनी काही करूच नये असा ह्याचा अर्थ नाही. मृत्यू आणि परावलंबित्व हाच त्या प्रयोगाचा मुख्य मोजपट्टा होता, खुर्चीतले तास नव्हते. परंतु थोड्या शिकवणीने मोठी किमया होईल अशी आशा ज्यांना होती, त्यांना ती आवरावी लागली. नकारार्थी उत्तर छापणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी असा रुग्ण असेल तर एक वही घाला. सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला एक चौकोन आखा. त्या अर्ध्या तासात आजोबा किंवा आजी एकदा तरी उठल्या असतील तर चौकोनात बरोबरची खूण, नाहीतर रेघ. २८ चौकोन होतील. शेवटी सलग सर्वांत लांब रेघ किती तासांची आहे ते मोजा. एकूण बेरजेपेक्षा तीच अधिक बोलकी असते. ही वही त्यांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. आधाराशिवाय उठणे कितपत सुरक्षित आहे, कोणत्या बाजूने हात द्यायचा, काठी कोणत्या हातात हवी, हे त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी होकार दिला, तर पाण्याचा तांब्या स्टुलावरून उचलून चार पावलांवरच्या टेबलावर ठेवता येईल, आणि शेंगा सोलायचे काम आजींना ओट्याशी उभे राहून करू देता येईल; पाठीमागे खुर्ची आणि शेजारी तुम्ही.

पहिल्या दिवशी मात्र नुसतीच नोंद करा आणि काही सुचवू नका. वही कशासाठी आहे हे आजोबांना कळले की ते तुमच्याकडे पाहून उगीचच उठतील, आणि मग जे मोजायला बसलात तेच बदलून जाईल.